खाली एकच सोपा, वर चार माड्या

बेळगावची टिळकवाडी असो, शहापूर असो की खानापूरची बाजारपेठ, दिवेलागणीला एकाच गल्लीत दोन शिकवण्या ऐकू येतात. एका घरात पेटीवर गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षेची तयारी चाललेली असते, आसावरी थाटाचे, म्हणजे सात स्वरांच्या एका साच्याचे, स्वर पाठ होत असतात. चार घरं पलीकडे कीबोर्डवर ए मायनरची स्केल घोटली जात असते. दोन्ही मुलं एकच सप्तक वाजवत असतात. पेटीवाल्यानं पांढरी सहाला, म्हणजे कीबोर्डवाल्याच्या ए ला, सा धरला, तर दोघांच्या बोटांखालच्या पट्ट्यासुद्धा त्याच. तरी एकाला मायनर हे नाव परकं वाटतं आणि दुसऱ्यानं आसावरी हा शब्द ऐकलेलाच नसतो.

याची हळहळ वाटते ती अशासाठी, की दोघांपैकी प्रत्येकाकडे दुसऱ्याच्या शिकवणीतलं बरंचसं आधीच जमा असतं. मायनर स्केलचे तीन प्रकार म्हणून जी गोष्ट कीबोर्डच्या पुस्तकात घोकून पाठ केली जाते, ती आपल्या भागातल्या कुठल्याही भजनी मंडळाच्या कानात मुरलेली आहे. तिला ओळखून फक्त नाव द्यायचं राहिलेलं आहे.

सुरुवात गांधारापासून, म्हणजे ग पासून, करावी लागते. सा सोडून पुढच्या काळ्या-पांढऱ्या दोन्ही पट्ट्या मोजल्या, की चौथ्या पट्टीवर शुद्ध गांधार येतो. तिसऱ्या पट्टीवर कोमल गांधार. ज्या सप्तकात गांधार शुद्ध ते मेजर, ज्यात कोमल ते मायनर. पाश्चात्त्य संगीताची ही मोठी विभागणी या एका स्वरावर उभी आहे. आपल्याकडे जोगसारखा राग चढताना शुद्ध आणि उतरताना कोमल असे दोन्ही गांधार घेतो, म्हणून आपला कान या दोन घरांमध्ये सहज ये-जा करतो. तिकडच्या शिकवणीत मात्र आधी घर ठरवावं लागतं.

मायनर म्हणजे दुःखी आणि मेजर म्हणजे आनंदी, असं लहान मुलांना सर्रास सांगितलं जातं. हे सांगणं सोडून द्यावं, असं मला मनापासून वाटतं. काफीतल्या होरीत गांधार कोमलच असतो आणि तिथे गुलाल उधळलेला असतो. भीमपलासीतला अभंग रंगात आला, टाळ चढले, की कोणाला तो उदास वाटत नाही. ज्या मुलाला ‘दुःखी ऐकू आलं की मायनर’ असं शिकवलं, ते मूल काफीची होरी ऐकून मेजर असं उत्तर लिहून येतं. त्याला गांधार ऐकायला शिकवावं. भाव त्याचा त्याला कळेल.

पुढे जाण्याआधी लिहिण्याची एक खूण ठरवू. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ असते, तीच इथे वापरली आहे: ग॒ म्हणजे कोमल ग, ध॒ म्हणजे कोमल ध, नि॒ म्हणजे कोमल नि. सां म्हणजे तार सा, वरच्या सप्तकाचा सा. पट्ट्यांचे आकडे सी पासून मोजायचे: सी ही पांढरी 1, तिच्या लगतची पुढची काळी ती काळी 1. शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे अर्धा स्वर, मध्ये एक पट्टी सुटली की पूर्ण स्वर, आणि दोन सुटल्या की दीड.

आता सप्तकाचे दोन तुकडे करा. खालचा सा ते म, म्हणजे पूर्वांग. वरचा प ते तार सा, म्हणजे उत्तरांग. मायनरच्या सगळ्या प्रकारांत पूर्वांग एकच आहे: सा रे ग॒ म. अंतरं पूर्ण, अर्धा, पूर्ण. त्यात काही बदलत नाही. जे काय बदलतं ते पंचमाच्या वर. आपल्याकडच्या जुन्या घरांत शिरल्याशिरल्या सोपा लागतो आणि जिना चढून वर माडी असते. तसा हा खालचा सोपा एकच आहे आणि त्याच्यावर चार वेगवेगळ्या माड्या बसवता येतात. चारही माड्या आपल्या ओळखीच्या आहेत. एक भैरवीची, एक भैरवाची, एक बिलावलाची आणि एक काफीची.

भैरवीची माडी म्हणजे प ध॒ नि॒ सां. ती आपल्या सोप्यावर बसवली की सा रे ग॒ म प ध॒ नि॒ सां असा आसावरी थाट झाला; यालाच नॅचरल मायनर म्हणतात. अंतरं सांगायची तर पूर्ण, अर्धा, पूर्ण, पूर्ण, अर्धा, पूर्ण, पूर्ण. पांढरी 6 ला सा धरून फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवत वरच्या पांढरी 6 पर्यंत गेलं की ही स्केल आपोआप मिळते. काळीला हात लावावा लागत नाही, म्हणून सगळ्या शिकवण्या इथूनच सुरू होतात. उजव्या हाताचा अंगठा सा वर, मग दुसरं, तिसरं बोट, पुन्हा अंगठा खालून घेऊन म वर, आणि तिथून करंगळीपर्यंत सरळ. पण गळ्याला पांढरी 6 सोयीची नसेल, तर पुरुषांच्या आवाजासाठी काळी 1 पासून पाहावं: काळी 1, काळी 2, पांढरी 3, काळी 3, काळी 4, पांढरी 6, पांढरी 7 आणि वरची काळी 1. बायकांच्या आवाजासाठी काळी 4 पासून: काळी 4, काळी 5, पांढरी 7, वरची काळी 1, काळी 2, पांढरी 3, काळी 3, काळी 4. या दोन्ही जागा बोटांत बसवून घ्याव्यात. स्केल चेंजर पेटीवर किंवा कीबोर्डच्या ट्रान्सपोजच्या बटणावर भिस्त ठेवून वर्षानुवर्षं एकाच जागेवरून वाजवणाऱ्याला स्वरांमधली अंतरं कळत नाहीत. त्याच्या बोटांना फक्त वाट पाठ होते, आणि गणपतीच्या मांडवात साधी पेटी समोर आली की ती वाट सापडत नाही.

नॅचरल मायनरमध्ये एक चूक जवळजवळ प्रत्येकाची होते. पांढऱ्या पट्ट्यांवरून पांढरी 6 ते पांढरी 6 असा सराव चालू असतो, आणि पाच मिनिटांत कान घसरून पांढरी 1 ला सा मानायला लागतो. कारण त्याच सात पट्ट्या पांढरी 1 पासून वाजवल्या की बिलावल, म्हणजे सगळ्या शुद्ध स्वरांचा थाट, होतो, आणि बिलावल आपल्या सगळ्यांच्या अंगात इतका भिनलेला आहे की संधी मिळताच तो पुढे येतो. यावर उपाय तानपुऱ्याचा. मोबाइलवरचा चालेल, पण तो पांढरी 6 लाच लावलेला हवा. पांढरी 1 चा तानपुरा चालू ठेवून ए मायनरचा सराव केला, तर तो ए मायनरचा सराव होत नाही. तो धैवतापासून सुरू केलेला बिलावल होतो.

याच घसरणीत एक उपयोगी नातं लपलेलं आहे. कुठल्याही मायनरचा कोमल गांधार म्हणजे त्याच्या जोडीच्या मेजरचा सा. उलट्या बाजूनं, मेजरचा धैवत म्हणजे जोडीच्या मायनरचा सा. पांढरी 6 चं मायनर आणि पांढरी 1 चं मेजर ही जोडी, तशी काळी 1 चं मायनर आणि पांढरी 3 चं मेजर. तिकडे याला रिलेटिव्ह म्हणतात. आपल्याकडे मूर्च्छना म्हणतात. पेटीवर मूर्च्छना दाखवणं अगदी सोपं: पांढऱ्या पट्ट्याच वाजवायच्या, सा मात्र सरकवत न्यायचा. पांढरी 1 ला बिलावल, 2 ला काफी, 3 ला भैरवी, 4 ला कल्याण, 5 ला खमाज, 6 ला आसावरी. पांढरी 7 ला पंचमच मिळत नाही, म्हणून ती जागा सोडून द्यायची.

दुसरी माडी भैरवाची: प ध॒ नि सां. धैवत कोमलच राहिला, निषाद मात्र शुद्ध झाला. सा रे ग॒ म प ध॒ नि सां, हे हार्मोनिक मायनर. आपल्याकडे याला कीरवाणी म्हणतात. हा राग दक्षिणेकडून आपल्याकडे आला आणि मुख्यतः वादकांनी तो रुजवला. पांढरी 6 च्या सा ला फक्त पांढरी 5 च्या जागी काळी 4 घ्यायची. काळी 1 च्या सा ला पांढरी 7 च्या जागी वरची पांढरी 1. काळी 4 च्या सा ला काळी 3 च्या जागी पांढरी 5.

निषाद वर का सरकवला, हे कळलं की बाकीचं पाठ करावं लागत नाही. नॅचरल मायनरमध्ये नि॒ आणि सां यांच्यात पूर्ण स्वराचं अंतर आहे. सा ला जायची ओढ त्यात कमी असते. नि॒ वर थांबून गाणं निवांत बसू शकतं. पाश्चात्त्य संगीतात वाक्य संपवताना पंचमावरची कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले तीन स्वर, वाजवून मग सा च्या कॉर्डवर यायची रीत आहे, आणि त्या शेवटाला जोर यायचा तर सा च्या अगदी लगतचा, अर्ध्या स्वरावरचा निषाद हवा. तो शुद्ध निषाद सा कडे झुकलेला असतो, त्यावर कोणाला थांबवत नाही. म्हणून कोमल निषाद उचलून शुद्ध केला. कॉर्डच्या, म्हणजे हार्मनीच्या गरजेतून झालं, म्हणून नाव हार्मोनिक.

या बदलाची किंमत धैवत आणि निषाद यांच्यामध्ये मोजावी लागली. ध॒ पासून नि पर्यंत आता दीड स्वराची दरी पडली. अंतरं पाहा: पूर्ण, अर्धा, पूर्ण, पूर्ण, अर्धा, दीड, अर्धा. पेटीवर ही उडी काहीच नाही, बोट पुढच्या पट्टीवर टाकायचं. गळ्यात मात्र ती हमखास बिघडते, आणि बिघडण्याची तऱ्हा ठरलेली असते: गळा दरी लहान करू पाहतो. धैवत थोडा वर चढतो, निषाद थोडा खाली राहतो आणि दोन्ही स्वर मधल्या मध्ये कुठेतरी लटकतात. शिकवणारा ‘निषाद चढा लाव’ म्हणत राहतो. निषाद चढतो, पण त्याच्याबरोबर धैवतही चढतो, आणि रोग तसाच राहतो.

खरा उपाय या दोन स्वरांना एकमेकांपासून तोडण्यात आहे. ध॒ हा पंचमाला टेकलेला स्वर आहे, नि हा तार सा ला टेकलेला. त्यांचा एकमेकांशी शेजार नाही. म्हणून सराव असा करावा: आधी प ध॒ प, प ध॒ प, संथ, पंचमावर प्रत्येक वेळी पूर्ण स्थिरावून, दहा-बारा वेळा. मग वरून सां नि सां, सां नि सां, तितक्याच वेळा. दोन्ही कडा पक्क्या झाल्या की सां नि ध॒ प असं वरून खाली. उतरताना ही दरी गळ्याला सोपी जाते. चढती प ध॒ नि सां अगदी शेवटी. चढत्यापासून सुरुवात केली की चूक घोटली जाते आणि मग महिना तिला पुसण्यात जातो.

ज्यांनी भैरव गायला आहे त्यांना हा सराव नवा वाटणार नाही, कारण हे उत्तरांग भैरवाचंच आहे. काकड आरतीला पहाटे भैरवातल्या चाली म्हणणाऱ्या मंडळींचा गळा ही दरी रोज ओलांडतो. कर्नाटक पद्धतीत तर मुलांचे पहिले स्वराभ्यास मायामाळवगौळ मेळात होतात (मेळ म्हणजे तिकडचा थाट), त्यातही हेच उत्तरांग. त्यामुळे त्या पद्धतीनं शिकलेलं मूल हार्मोनिक मायनरला घाबरत नाही आणि बिलावलापासून शिकलेलं आपलं मूल अडखळतं. दोष मुलाचा नाही, पहिल्या धड्याचा आहे. कीरवाणीकडे जाण्याआधी आठ दिवस भैरव दिला, की अडखळणं जवळजवळ संपतं.

कीबोर्डच्या लेखी परीक्षेत याच निषादानं आणखी एक घोळ होतो. मायनरची की सिग्नेचर, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला लिहायच्या शार्प-फ्लॅटच्या खुणा, नेहमी नॅचरल मायनरचीच लिहितात, म्हणजे जोडीच्या मेजरची. उचललेला निषाद तिच्यात धरत नाहीत. तो जिथे येईल तिथे, त्या स्वराच्या शेजारी स्वतंत्र खूण करून लिहायचा. मुलं सिग्नेचरमध्ये ती खूण शोधत बसतात आणि गोंधळतात. दुसरं असं, की काळी 1 च्या मायनरमध्ये उचललेला निषाद पांढरी 1 वर येतो, तरी त्याला सी म्हणायचं नाही, बी शार्प म्हणायचं. सातही अक्षरं एकेकदा यायला हवीत, हा नियम. आपल्या माणसाला हे लगेच पटावं: पट्टी कुठलीही असो, जो निषाद आहे त्याला आपण नि च म्हणतो, सा म्हणत नाही.

तिसरी माडी बिलावलाची: प ध नि सां, सगळे शुद्ध. सा रे ग॒ म प ध नि सां, हे मेलोडिक मायनर. दीड स्वराची दरी युरोपातल्या गायकांनाही खुपत होती, म्हणून निषादाबरोबर धैवतही उचलून घेतला आणि वाट गाण्याजोगी केली. चाल म्हणजे मेलडी सुकर व्हावी म्हणून केलं, म्हणून नाव मेलोडिक. पांढरी 6 च्या सा ला काळी 3 आणि काळी 4. काळी 1 च्या सा ला काळी 5 आणि पांढरी 1. काळी 4 च्या सा ला पांढरी 4 आणि पांढरी 5.

उतरताना मात्र हे दोन्ही स्वर पुन्हा कोमल करतात: सां नि॒ ध॒ प म ग॒ रे सा. मुलांना हे विचित्र वाटतं. पुस्तकातला नियम म्हणून ती तो पाठ करतात आणि परीक्षेत उतरताना विसरतात. त्यांना देस ऐकवावा. देसमध्ये चढताना शुद्ध निषाद, उतरताना कोमल. खमाजमध्येही तेच. निषाद शुद्ध केला तो सा ला पोचण्यासाठी. सा वरून खाली निघाल्यावर ती गरजच उरत नाही, आणि निषाद कोमल झाला की धैवतालाही वर थांबायचं कारण राहत नाही. आरोह वेगळा, अवरोह वेगळा, ही आपल्याकडची रोजची गोष्ट. जॅझवाले मात्र चढता-उतरता दोन्हीकडे शुद्धच ठेवतात. तसा प्रकार कानावर आला तर तो चुकीचा समजू नये.

मेलोडिक मायनरची खोड निराळी आहे. वरचा अर्धा भाग मेजरचाच असल्यामुळे तार सा ला जाऊन परत येईपर्यंत कान खालचा कोमल गांधार विसरतो आणि ग शुद्ध लागतो. पेटीवर तर बोट आपसूक बिलावलाच्या वाटेला जातं. म्हणून प्रत्येक आरोहानंतर सा रे ग॒ रे सा एवढं म्हणून मगच पुढचा आरोह घ्यावा. मेजर आणि या स्केलमध्ये फरक फक्त त्या एका स्वराचा. तो निसटला की काहीच उरत नाही.

आता चौथी माडी, काफीची: प ध नि॒ सां. पाश्चात्त्य पुस्तकं मायनरचे प्रकार तीनच मोजतात. हे सप्तक त्यांच्याकडे डोरियन नावानं वेगळ्या कप्प्यात असतं. आपल्या बाजूला मात्र हेच सगळ्यात जास्त ऐकू येतं. भीमपलासी, बागेश्री, काफी हे सगळे याच सप्तकाचे. याची घडणही देखणी आहे: पूर्वांगाची अंतरं पूर्ण, अर्धा, पूर्ण आणि उत्तरांगाचीही तीच. जसा सोपा तशीच माडी. भजनी मंडळात नव्यानं येणाऱ्या मुलाला मायनर शिकवायचं असेल तर मी याच सप्तकापासून सुरुवात करायला सांगेन. पुस्तकाचा क्रम नॅचरलपासून आहे, पण मुलाच्या कानाचा क्रम काफीपासून आहे.

हे चारही प्रकार एकत्र, शेजारी-शेजारी मांडलेले पाहायचे तर कर्नाटक संगीताच्या 72 मेळकर्त्यांच्या, म्हणजे मूळ मेळांच्या, तक्त्यात चौथं चक्र, म्हणजे सहा मेळांचा चौथा गट, उघडावं. त्याचं नाव वेदचक्र. 19 ते 24 हे सहा मेळ त्यात येतात आणि सहाही मेळांचं पूर्वांग आपलंच, सा रे ग॒ म. त्यात 20 वा नटभैरवी म्हणजे नॅचरल मायनर, 21 वा कीरवाणी म्हणजे हार्मोनिक, 22 वा खरहरप्रिया म्हणजे आपली काफी, 23 वा गौरीमनोहरी म्हणजे मेलोडिक. सोपा एक आणि माड्या वेगळ्या, हीच ती रचना. आपल्या दहा थाटांत हार्मोनिक आणि मेलोडिकला जागाच नाही, म्हणून हिंदुस्थानी शिकणाऱ्याला हे चौघं सख्खे भाऊ आहेत हे दिसत नाही.

आपल्या भागात यात एक खड्डा आहे, तो आधीच सांगून ठेवतो. बेळगाव, धारवाडकडचे बहुतेक कन्नड गायक-वादक आपल्यासारखीच हिंदुस्थानी पद्धत शिकलेले असतात, त्यांच्याशी बोलताना अडचण येत नाही. पण म्हैसूर-बंगळूरकडचं पुस्तक हातात आलं, किंवा तिकडे शिकलेला शेजारी मदतीला बसला, की ‘शुद्ध’ हा शब्द फसवतो. कर्नाटक पद्धतीत शुद्ध धैवत म्हणजे आपला कोमल धैवत आणि शुद्ध रिषभ म्हणजे आपला कोमल रिषभ. आपल्या शुद्ध धैवताला ते चतुःश्रुती धैवत म्हणतात. आपला कोमल गांधार तो साधारण गांधार, कोमल निषाद तो कैशिकी आणि शुद्ध निषाद तो काकली. तेव्हा कीरवाणीचं वर्णन तिकडे ‘शुद्ध धैवत, काकली निषाद’ असं येईल. ते वाचून आपण शुद्ध धैवत वाजवला की कीरवाणीची गौरीमनोहरी होते. तोंडी सांगताना म्हणून स्वराचं नाव न घेता सा पासून कितवी पट्टी ते सांगावं. आठवी म्हटलं की दोघांनाही एकच धैवत कळतो.

एक सावधगिरी मात्र हवी. सप्तक म्हणजे राग नव्हे. आसावरी थाटातले जौनपुरी आणि दरबारी एकाच सात स्वरांचे आहेत, पण दरबारीचा गांधार आंदोलित, म च्या कणानं झुलणारा, आणि जौनपुरीच्या आरोहात गांधारच नाही. नॅचरल मायनर सरळ वर-खाली वाजवून कोणी ‘दरबारी येतो’ म्हणालं तर ते खरं नाही. उलट, पिलूसारखा राग या चार माड्यांमधून मनसोक्त फिरतो. त्याला कुठल्या एका स्केलच्या नावानं बांधता येत नाही. स्केलचं ज्ञान आपल्याला कच्चा माल ओळखायला शिकवतं. राग शिकायला गुरूपुढेच बसावं लागतं.

साथीला गिटार आलं की हे ज्ञान फार कामाला येतं. हल्ली अभंगाच्या कार्यक्रमात गिटार किंवा कीबोर्ड असतोच, आणि बेसूर होण्याचं मोठं कारण कॉर्डमध्ये सापडतं. गाणं भीमपलासीत आहे, निषाद कोमल आहे, आणि गिटारवाल्यानं सवयीनं पंचमावर मेजर कॉर्ड वाजवली. त्या कॉर्डमध्ये शुद्ध निषाद आहे. गायक कोमल नि धरून उभा आणि खाली शुद्ध नि वाजतो. दोघांची टक्कर होते आणि ऐकणाऱ्याला नक्की काय खटकलं ते सांगता येत नाही.

यासाठी ध्यानात ठेवायची गोष्ट थोडकी आहे. सा ची कॉर्ड नेहमी मायनर, कारण गांधार कोमल. म च्या कॉर्डमध्ये म, ध, सा येतात, म्हणून ती मेजर की मायनर हे धैवत ठरवतो. प च्या कॉर्डमध्ये प, नि, रे येतात, म्हणून तिचा निर्णय निषाद करतो. सा पांढरी 6 धरला तर आसावरी थाटाला ए मायनर, डी मायनर, ई मायनर. कीरवाणीला ए मायनर, डी मायनर, ई मेजर. काफीला ए मायनर, डी मेजर, ई मायनर. आणि मेलोडिकला ए मायनर, डी मेजर, ई मेजर. चार माड्या, चार जोड्या. गिटारवाल्याला तालमीआधी एवढंच विचारायचं, धैवत कुठला आणि निषाद कुठला. गाण्यात दोन्ही निषाद असतील तर पंचमावर कॉर्ड न वाजवता नुसते प आणि रे वाजवावेत; रिकामी जागा टकरीपेक्षा केव्हाही बरी.

पेटीच्या सुरांबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण कोमल स्वरांमध्येच पेटी आणि गळा यांचा मेळ बसत नाही. पेटीतले बारा सूर समान अंतरावर लावलेले असतात. तानपुऱ्याच्या नादात गळा जिथे आपणहून स्थिरावतो त्या जागा थोड्या निराळ्या असतात. सा 220 हर्ट्झचा धरला, तर तानपुऱ्याशी जुळणारा कोमल गांधार 264 वर येतो आणि पेटीचा सुमारे 261.6 वर. कोमल धैवत तानपुऱ्याशी 352, पेटीवर सुमारे 349.2. म्हणजे पेटीचे हे दोन्ही कोमल स्वर किंचित उतरलेले. शुद्ध निषादाचं उलट आहे: तानपुऱ्याशी 412.5, पेटीवर सुमारे 415.3, म्हणजे चढलेला. आता कीरवाणीची दरी आठवा. पेटीवर ती दोन्ही बाजूंनी थोडी जास्त रुंद होते. गळ्याला ती अवघड वाटण्यात पेटीचाही वाटा आहे. पेटीचे सूर असे समान लावलेले आणि तिच्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, निघत नाही, हे तिच्यावरचे जुने आक्षेप; 1940 ते 1971 पर्यंत आकाशवाणीवर तिला बंदी होती. पण याच बेळगाव जिल्ह्यानं, कागवाडला 1917 मध्ये जन्मलेल्या पंडित रामभाऊ विजापुरे यांच्या हातून, पेटी किती गाऊ शकते हेही ऐकलं आहे. तेव्हा पेटीला नावं ठेवू नयेत. सराव कसा करायचा ते समजून घ्यावं. स्वर ओळखायला पेटी, स्वर लावायला तानपुरा. पट्टी दाबून स्वराची जागा एकदा ऐकायची, हात काढून घ्यायचा आणि मग तानपुऱ्यावर तो स्वर गळ्यानं शोधायचा. पट्टी दाबून धरून तिच्यावर गळा टेकवला की कोमल गांधार कायमचा उतरा राहतो. आपल्याकडच्या लांब पावसाळ्यात लाकूड ओल धरतं आणि पट्ट्या अडकायला लागतात. त्या दिवसांत तर तानपुऱ्यावरच भर ठेवावा.

हे सगळं कानात उतरवायला एक जोडी पुरते, मालकंस आणि चंद्रकंस. मालकंसाचे स्वर सा ग॒ म ध॒ नि॒. रे आणि प नाहीत. चंद्रकंसात सगळं तेच, फक्त निषाद शुद्ध: सा ग॒ म ध॒ नि. नॅचरल आणि हार्मोनिक मायनरमधला फरक इतका उघडा दुसरीकडे कुठेच ऐकू येत नाही. तशीच दुसरी जोडी भीमपलासी आणि पटदीपची. भीमपलासीचा निषाद शुद्ध केला की पटदीपचे स्वर झाले, म्हणजे काफीची माडी उतरवून तिथे बिलावलाची बसवली.

तानपुऱ्याची पहिली तार मध्यमाला लावून घ्यावी, कारण पंचम वर्ज्य आहे. पाच मिनिटं मालकंस: सा ग॒ म, ग॒ म ध॒ नि॒ सां, सां नि॒ ध॒ म, ग॒ म ग॒ सा. घाई नको, प्रत्येक स्वर तानपुऱ्यात विरघळेपर्यंत धरावा. मग काहीही न बदलता सां वर थांबावं आणि सां नि सां घ्यावं, या वेळी निषाद शुद्ध. तो तार सा ला कसा चिकटतो ते ऐकावं. तिथून सां नि ध॒ म असं उतरावं आणि ध॒ वर पोचताना तो पहिल्यासारखाच खोल लागला की वर ओढला गेला, एवढं पाहावं. ओढला गेला असेल तर पुन्हा मालकंसात जाऊन ध॒ म, ध॒ म करत त्याला जागेवर बसवावं, आणि परत सां नि सां.